दाजींच्या गाडीला कापड न लावण्याविषयी

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेला आहे. पाठ सरळ होत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? बाळंतीण लेकीला, चिमीला, झोप मिळते का? बाळाचं नाक आपल्या घराण्यातलं आहे असं तू मागे फोनवर म्हणालीस तेव्हा मागून दाजी ‘काही नाही, आमच्याकडचं आहे’ असं म्हणाले ते इकडे स्पष्ट ऐकू आलं, त्यावरून दोघांची तब्येत उत्तम असावी असं धरून चालतो. इकडेही सगळं ठीक आहे. हे वाक्य पत्रात सुरुवातीलाच उरकून घ्यावं लागतं, नंतर त्याला जागा मिळेल असं वाटत नाही.

हे पत्र तुला चष्म्याच्या डबीत सापडलं असेल. तुझा नवा वाचायचा चष्मा तयार आहे, नंबर थोडा वाढला आहे, काळजी करू नकोस. डबी मिटत नव्हती म्हणून वरून रबरबँड लावलाय. फोन का केला नाही असं विचारशील, तर तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसून ऐकायची पद्धत आहे. मला जे सांगायचंय ते टेबलाभोवती ऐकण्यासारखं नाही. तुझ्या चष्म्याच्या डबीला दाजी हात लावत नाहीत, एवढं मला माहीत आहे. तेव्हा आधी चष्मा लाव, मग चिमीच्या खोलीत जाऊन दार लोटून घे आणि मग वाच.

विषय गाडीचा आहे. (बसून वाच.)

तुम्ही चिमीकडे निघालात त्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती, तू सामान मोजत होतीस आणि दाजी मला अंगणात गाडीपाशी घेऊन गेले. तुला ठाऊकच आहे, दाजी त्या काळ्या गाडीबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज खाली येतो, जणू ती ऐकतेय. रोज पाण्याने धुवायची, म्हणाले. धूळ बसू द्यायची नाही. कव्हर घालायचं नाही, कव्हरने ओरखडे उठतात. चालवायची नाही. (मला चालवता येत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी सांगितलं.) आणि काहीही झालं तरी कापड लावायचं नाही. मी विचारलं, कुठलंच? ते म्हणाले, कुठलंच. मग पुन्हा म्हणाले, ‘कापड लावायचं नाही.’ त्या वेळी त्यांचा हात मागच्या डाव्या दारावर होता, पण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माणूस कुठेतरी हात ठेवणारच.

ज्या माणसाने निवडुंगाला पाणी घालून मारलं त्याच्या हाती गाडी द्यायची का, असं दाजी मग तुला म्हणाले. मी तिथेच होतो. तू म्हणालीस, ‘माझा भाऊ आहे. काही झालं तर मी जबाबदार.’ ताई, आयुष्यात माझ्याबद्दल असं वाक्य कोणी बोललं नव्हतं. टॅक्सी वळल्यावर मी अंगणातच ठरवलं की दाजींचा शब्द जसाच्या तसा पाळायचा, आपली अक्कल वापरायची नाही. इथेच घात झाला.

माझं चष्म्याचं दुकान दुपारी जेवणापुरतं बंद असतं, तेवढाच काय तो वेळ. मी तुमच्याकडे येत होतो, अंगणातल्या नळाला पाइप लावत होतो आणि गाडीला वरपासून खालपर्यंत अंघोळ घालत होतो. ऊन असं कडक, की पाणी डोळ्यांदेखत वाळायचं. मला वाटलं, वा, म्हणून कापड नको होय! दाजी किती पुढचा विचार करतात. आता तो नळ बोअरचा आहे, त्या पाण्याने तुमच्या बादलीच्या काठावर पांढरी पुटं चढतात आणि किटलीत खपली धरते, हे सगळं मी वर्षानुवर्षं बघतोय. पण किटली वेगळी आणि गाडी वेगळी, असं माझ्या डोक्यात काहीतरी असावं.

पहिल्यांदा बॉनेटवर पांढरी वर्तुळं दिसली तेव्हा मी कबुतरांवर आळ घेतला. मग म्हटलं, आपलाच चष्मा खराब असेल. तुला सांगायला नको, चष्मा पुसण्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही. काढला, फुंकर मारली, पुसला, लावला. वर्तुळं होती तिथेच होती, उलट आता जास्त ठळक दिसली. मी नीट धुतली नाही असा मी त्याचा अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवशी दोनदा धुतली. वर्तुळं वाढली. म्हणून त्यापुढे जास्त वेळ आणि जास्त पाण्याने धुतली. ताई, जन्मभर मी असं समजत आलो की पाणी डाग काढतं. डाग पाडतंही तेच, हे कळल्यावर माणसाने कशाने काय धुवायचं? मी बराच वेळ पायरीवर बसून याचा विचार केला आणि उठून पुन्हा एकदा धुतली.

तुमच्या शेजारचे रसायनाचे निवृत्त सर हे सगळं भिंतीवरून बघत होते. (ते बघत होते हे मला नंतर कळलं. त्यांच्या सौभाग्यवतीही खुर्ची आणून बसत होत्या.) त्यांनी मला भिंतीपाशी बोलावून समजावलं, की पाणी उडून जातं पण पाण्यातला चुना उडून जात नाही, तो मागे राहतो आणि उन्हात रंगावर घट्ट बसतो. त्याला आंबट लागतं. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून लाव, क्षणभर ठेव आणि धुऊन टाक. मी म्हटलं, आधी कुठेतरी लपलेल्या जागी करून बघू. मागचं डावं दार भिंतीच्या बाजूला असतं, तिथे कोणाचं लक्ष जात नाही. स्वयंपाकघरातली तुझी बाटली आणली (ती संपली आहे, आणून ठेवतो), तळहाताने ते पाणी दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावलं आणि ताई, डाग गेला. खालून काळाभोर रंग वर आला. मला इतका आनंद झाला की मी सगळं दार तसंच केलं, मग पाइप घेऊन ते खळखळून धुतलं, उन्हात वाळू दिलं आणि तुमच्या ओट्यावर बसून डबा खाल्ला. हात धुऊन परत येतो तर दारावर नवी वर्तुळं.

सरांना सांगितलं की तुमचं औषध जेवण होईपर्यंतच टिकतं. त्यांनी विचारलं, धुतल्यावर पुसलंस ना? मी म्हटलं, नाही, कापड लावायचं नाही. वर्गात बाकावर उभं करण्याआधी सर जसे बघायचे तसे त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले की पुसल्याशिवाय हे कधीही थांबणार नाही, सावलीत धू आणि लगेच पुसून कोरडी कर, याला दुसरा उपाय नाही.

आता माझी पंचाईत बघ. एकीकडे विज्ञान, दुसरीकडे दाजी. विज्ञानाने माझ्यावर कधी विश्वास टाकलेला नाही, आणि दाजींनी टाकलाय, तोही तुझ्या शब्दावर. म्हणून मी दोघांनाही न दुखावता मार्ग काढायचा ठरवलं. कापड नको म्हटलंय ना, मग कापड सोडून दुसरं काहीही चालेल. तळहाताने निपटून बघितलं, तळहात दोनच आहेत आणि गाडी मोठी आहे. तुझ्या कपाटातला केस वाळवायचा ड्रायर लांब वायर लावून आणला. (तो आता गरम होत नाही, नुसता आवाज करतो.) ड्रायरने पाणी झटपट वाळलं आणि डागही झटपट पडले. सावली हवी म्हणून एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने पाइप मारला, तर सावलीत मी आणि उन्हात गाडी. मग अंगण ओलांडताना छत्रीसकट घसरलो. पाठीचं ते असं झालं. सरांच्या सौभाग्यवतींनी गरम पाण्याची पिशवी दिली आणि त्यांनी माझ्यासमोर एकदाही हसू येऊ दिलं नाही, फार चांगल्या बाई आहेत.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानातल्या माणसाने मेण दिलं. म्हणाला, हे लावा, पाणी टिकायचंच नाही. तेही मी हातानेच लावलं. पाणी खरोखर पसरलं नाही, ते थेंब थेंब होऊन जागच्या जागी उभं राहिलं आणि तसंच वाळलं. पूर्वीचे डाग निदान वेडेवाकडे होते. मेणानंतर ते कंपासने काढल्यासारखे गोल आले. मी दुकानात जाऊन विचारलं तर तो म्हणाला, मेण चांगलंच आहे, त्यानंतर पुसायचं असतं. जो तो पुसायचंच सांगतो.

शेवटी मी दुकानातून माझं भिंग आणलं, ज्याने आम्ही काचेवरचे ओरखडे तपासतो, आणि गाडीशेजारी मांडी घालून बसलो. काही डाग रंगाच्या वर बसले होते, पण बॉनेटवरचे जुने डाग वर नव्हतेच, ते रंगात उतरले होते. काचेच्या बाबतीत असं झालं की आम्ही गिऱ्हाइकाला नवी काच घ्या म्हणून सांगतो. दाजींना नवी गाडी घ्या असं कसं सांगू?

म्हणून नाइलाजाने नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला घरी बोलावलं. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, तोही स्वतःला उस्तादच म्हणतो आणि कामाआधी स्वतःचं कौतुक करून घेतो. त्याने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर नख फिरवलं आणि म्हणाला, हे घाबरण्यासारखं नाही, वरचे डाग आंबटाने जातील, आतले पॉलिशने घासावे लागतील, सगळी गाडी आरशासारखी करून देतो. मी सांगितलं, सुरुवात मागच्या डाव्या दारापासून कर, काही चुकलं तर भिंतीकडे राहील. तो भिंतीच्या बाजूला गेला, वाकला आणि तसाच राहिला. मला वाटलं त्याचीही पाठ गेली. मग सरळ झाला, हातातलं पॉलिश पिशवीत ठेवलं आणि म्हणाला, ‘साहेब, हे दार नको. हे मीच मारलंय.’

मला काही कळेना. त्याचं म्हणणं, या दाराचा रंग कंपनीचा नाही, त्याचा आहे, घाईत मारलेला पातळ हात आहे, घासला तर खालचा लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेला पट्टा उघडा पडेल. मी म्हटलं, तुझी काहीतरी चूक होतेय, या गाडीला जन्मात ओरखडा गेलेला नाही, दाजी हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तो म्हणाला, साहेबांना माहीतच नाही, गाडी तर बाईंनी आणली होती. साहेब त्यांच्या मित्राकडे दोन दिवस राहायला गेले होते तेव्हा. (आठवतंय ना, गाडीला हायवेची धूळ नको म्हणून दाजी बसने गेले होते?) बाहेर सगळीकडे नीट फिरून आल्या आणि घरच्याच फाटकाच्या खांबाला घासली. साहेब यायच्या आत झालं पाहिजे म्हणून बाई स्टूल घेऊन समोर बसून राहिल्या. आणि मग हा गृहस्थ मला काय म्हणतो, ‘बाई चालवतात मात्र झकास. दुपारी इथूनच जातात ना नेहमी.’

नेहमी?

ताई, तू?

मी पुन्हा त्याच पायरीवर बसलो. प्रत्येक समारंभात दाजी सांगतात की हिने हौसेने लायसन्स काढलं पण हिला रस्त्याची भीती वाटते, आणि तू खाली मान घालून ‘हो बाई, मला नाही जमत’ म्हणतेस. किती सुंदर म्हणतेस! मी अनेकदा तुला धीर दिलाय, तेव्हा मनात काय म्हणत असशील? दाजी दुपारी झोपले की तू ही गाडी बाहेर काढतेस, आणि ते उठायच्या आत परत आणून ठेवतेस. आणि मागे एकदा तू अचानक फाटकाचा खांब रंगवून घेतला होतास, जुना रंग बघून कंटाळा आला म्हणून, तेव्हा मी तुझ्या आवडीचं कौतुक केलं होतं. माझं डोकं तेव्हापासून गरगरतंय. मला राग यायला हवा की हसू यायला हवं तेही कळत नाहीये, पण दोन्हींपैकी हसू जास्त येतंय, आणि मधूनच, खरं सांगतो, तुझा फार अभिमान वाटतोय.

उस्तादला मी परत पाठवलं. विचार असा केला: सगळी गाडी चकचकीत केली आणि ते एकच दार डागाळलेलं राहिलं, तर दाजी पहिल्यांदा तिथेच जाणार. तेही दार घासलं, तर तुझं गुपित बाहेर पडणार. डाग सगळीकडे सारखे राहिले तर दाजींना फक्त डाग दिसतील, आणि डाग कोणी पाडले याबद्दल घरात कोणालाच शंका येणार नाही. निवडुंगवाल्याचंच नाव येईल. तेव्हा मी गाडी आहे तशीच ठेवली आहे. तू माझी जबाबदारी घेतलीस, मी तुझं दार घेतलं. मात्र तू ज्याच्यासाठी शब्द दिलास त्याने गाडीची दशा केली, असं दाजी तुला जन्मभर ऐकवतील, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चिमीला आशीर्वाद, बाळाच्या नाकाला पापा, दाजींना माझा नमस्कार. (कसला ते सांगू नकोस.)

तुझा,
गोंधळ्या

ता. क. : बाळाची खेळणी वेगळ्या पार्सलने पाठवतोय. चष्मा पुसायला डबीत मऊ कापड घातलंय. अशी माझ्याकडे भरपूर आहेत, मनात आणलं असतं तर पहिल्याच दिवशी गाडी धुतल्याबरोबर याच कापडांनी पुसली असती आणि एकही डाग पडला नसता. हे मी फक्त माहितीसाठी लिहितोय.

दुसरा ता. क. : मुख्य विनंती राहिली. दाजींना गाडीची बातमी तू आधी दे, जेवण झाल्यावर, गोड बोलून. सगळी चूक माझ्यावर घाल, पण गाडी पॉलिशला देऊ देऊ नकोस. काय कारण सांगायचं ते तूच बघ, इतकी वर्षं तू कारणं उत्तम सांगत आली आहेस.

तिसरा ता. क. : रबरबँड काढून, डबी पुन्हा उघडून हे लिहितोय. आत्ता दाजींचा फोन आला होता. एकट्याचा, चिमीच्या गॅलरीतून, स्पीकर बंद, आवाज तोच खालचा. म्हणाले, कापड लावलं नाहीस ना? मी म्हटलं, शप्पथ, एक धागाही लागलेला नाही. ते म्हणाले, ‘शाबास.’ ताई, त्यांनी मला शाबास म्हणायची ही पहिलीच वेळ, आणि ज्याने गाडीचं वाटोळं झालं नेमकं त्याच्यासाठी. मग म्हणाले, ते मागचं डावं दार जरा नाजूक आहे, तू चष्मेवाला, कापड हातात आलं की घासत सुटशील, म्हणून सांगितलं होतं. आणि हे तुझ्या ताईला कळू देऊ नकोस.

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत आहे? तर म्हणाले, ‘अरे, तिने एकच खांब रंगवला. दुसरा तसाच आहे. मला दिसत नाही का?’ मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, मी मित्राकडून आलो त्या दिवशी ती इतकी घाबरलेली होती की भाजीत मीठ दोनदा घातलं, मी दोन्ही मिठांची भाजी गुपचूप खाल्ली. काय बोलणार? बोललो असतो तर तिने किल्लीला हात लावणं सोडलं असतं. एवढी वर्षं हिला जमत नाही म्हणून सांगत आलो, आता कुठल्या तोंडाने चालव म्हणू? मला दुपारची झोप लागत नाही, ते म्हणाले. डोळे मिटून पडून राहतो. गाडी गेल्याचं ऐकू येतं. ती परत येऊन फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत जिवात जीव नसतो, मग उठून ‘फारच झोपलो’ म्हणतो.

हे तुला सांगू नकोस असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे. मी सांगत नाहीये, लिहितोय. तू मला बजावणार की दाजींना सांगू नकोस. आता कोणाचं कोणापासून लपवायचं हे माझ्या ताकदीबाहेरचं आहे, तेव्हा मी असं करणार: तुम्ही परत याल तेव्हा फाटकात, त्या रंगवलेल्या खांबापाशी उभा राहीन. तळहातावर गाडीची किल्ली असेल आणि मी दुसरीकडे बघत असेन. ज्याला उचलायची त्याने उचलावी. तू उचललीस तर मला मागे बसव, डाव्या दाराने बसतो.

डाग मात्र माझे आहेत. ते तेवढे दाजींना तूच सांग, मला अजून दोन दिवस ‘शाबास’मध्ये राहू दे.